फाईलवाले काका

शैक्षणिक कर्ज मागणारा बाप ओळखायचा असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नये, काखेकडे बघावं. तिथे फाईल असते. सुरुवातीला ती पातळ आणि पारदर्शक असते, बापाच्या चालीत रुबाब असतो. पावसाळा सरेपर्यंत तिच्या जागी दोरीनं बांधलेली बॉक्स फाईल आलेली असते आणि पातळ बाप झालेला असतो. असे बाप प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडतात. आमच्याकडच्यांचे शिरोमणी म्हणजे फाईलवाले काका.

काका अनुदानित शाळेत वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सारी हयात इतरांचे अर्ज 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून परत पाठवण्यात गेली. मग मुलीला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला आणि काका आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी बँकेत पेढे नेले. मॅनेजरांनी पेढा घेतला, खुर्ची दिली, अभिनंदन केलं आणि "शिक्षणाला पैशाची अडचण येता कामा नये" असंही म्हणाले. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "काम झालं!" बँकेत ज्या दिवशी अभिनंदन होतं त्या दिवशी काम होत नसतं, हे ज्ञान नंतरचं.

दुसऱ्या भेटीत पेढ्यांचा विषय निघाला नाही, तारणाचा निघाला. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर सरकारी बँक सहसा तारण मागते. काका हसले. "साहेब, पाच एकर शेत आहे की!" साहेबही हसले. शेतजमीन चालत नाही. २००२च्या सरफेसी कायद्यानं थकबाकीदाराची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याची मुभा बँकांना दिली, पण शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन बँकेपासून वाचावी हा हेतू. ती इतकी वाचली की आता अशा कर्जासाठी बँक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तशीही काकांच्या सातबाऱ्यावर नऊ नावं होती. त्यातली तिघं वारलेली आणि एक आत्या सही करायला तयार, पण बोलायला नाही.

मग गावचं घर. चौसोपी, सागवानी, आजोबांनी बांधलेलं. त्याचा पुरावा काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तो उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, "ही घरपट्टीची नोंद झाली. मालकी सिद्ध होत नाही." घर काकांचं नाही हे सांगण्याबद्दलची फी मात्र काकांकडूनच घेतली. पाठोपाठ मूल्यांकनवाले येऊन घराला टेप लावून गेले, त्यांचीही वेगळी.

एवढं होऊनही काकांना 'नाही' असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि काकांच्या कहाणीतली खरी गोम इथेच आहे. बँकांच्या संघटनेची शैक्षणिक कर्जाची एक आदर्श योजना आहे, २००१पासूनची. तिच्यानुसार अर्ज फेटाळायचा असेल तर शाखेनं वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यायची असते. म्हणजे वर पत्र पाठवा, कारण लिहा, वरून प्रश्न आले की उत्तरं द्या. एवढा उपद्व्याप कोण करणार? त्यापेक्षा अर्ज अपूर्ण ठेवावा. निर्णयाला मुदत आहे, पण ती अर्ज सर्व कागदपत्रांसह पूर्ण झाल्यापासून मोजतात, आणि पूर्ण कधी झाला ते शाखा ठरवते. त्यामुळे काकांचा अर्ज कधी फेटाळला गेला नाही. तो अमर आहे.

आज फॉर्म सोळा हवा, उद्या तीन वर्षांची विवरणपत्रं, परवा मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक म्हणून प्रतिज्ञापत्र. मग अमेरिकी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा आय-२० आणा. विद्यापीठ म्हणे, पैशांची सोय दाखवा, मग आय-२० देतो. बँक म्हणे, आय-२० दाखवा, मग पैशांची सोय बघतो. काकांनी दोघांनाही पोच घेऊन पत्रं लिहिली.

मध्येच एकदा साहेबांनी पेन खाली ठेवून आपुलकीनं विचारलं, "एक विचारू का? मुलीचं लग्न झाल्यावर हप्ते कोण भरणार?" काका म्हणाले, "तीच भरेल, नोकरी करून." साहेबांनी मान हलवली, पण ती कोणत्या दिशेनं हलली हे काकांना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याच बँकेचा मोबाईलवर संदेश आला : 'अभिनंदन! आपल्याला वैयक्तिक कर्ज पूर्वमंजूर झाले आहे. कागदपत्रांची गरज नाही. कारण सांगण्याची गरज नाही.' काका फोन घेऊन दुसऱ्या दिवशी शाखेत हजर. "साहेब, कारण सांगितलं नाही तर देता आणि सांगितलं तर देत नाही, असं आहे का?" साहेब म्हणाले, "ते वेगळं डिपार्टमेंट."

सरकारी बँकेनं दमवलं तेव्हा कोणीतरी सुचवलं की खासगी वित्तकंपनीकडे जा, तिथे तारण लागत नाही. व्याज जास्त, पण काम झटपट. काम खरोखरच झटपट झालं. संगणकावर माहिती भरली, काकूंनी चहा टाकला आणि चहाला उकळी फुटायच्या आत नकार आला. काका हादरले. इतके महिने ते नकाराला तरसले होते, पण तो असा यावा? "अहो, निदान बसा तरी म्हणायचं!"

नकाराचं कारण होतं सिबिल. कर्जफेडीची पत दाखवणारा हा आकडा ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, आणि काका आयुष्यात एक रुपया कोणाचं देणं लागत नव्हते. पण पूर्वी कधीतरी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलच्या कर्जाला त्यांनी जामीन म्हणून सही केली होती. सहकारी नोकरी सोडून गेला, मोटारसायकलही त्याच्याबरोबर गेली, आणि थकबाकी तेवढी काकांच्या अहवालात मुक्कामाला राहिली. जामीनदार म्हणजे चांगल्या चालचलणुकीचा दाखला देणारा, अशी काकांची समजूत होती. कर्जदारानं बुडवलं की जामीनदारच देणेकरी होतो, हे त्यांना त्या अहवालानं सांगितलं.

मग त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला, मग तिसऱ्या. प्रत्येक कंपनी अहवाल मागवते, प्रत्येक चौकशीची नोंद होते, आणि थोड्या काळात फार चौकशा झाल्या की आकडा आणखी उतरतो. हे कळल्यापासून काका मोबाईलवर आपलं सिबिल पाहतानाही दबकून पाहतात. स्वतः पाहिल्यानं आकडा उतरत नाही असं मुलीनं सांगून झालं, पण काका जोखीम घेत नाहीत.

कंपनी म्हणाली, भक्कम पगाराचा सहकर्जदार आणा. पुण्याच्या साडूंना फोन लावला. साडू 'बघू' म्हणाले, आणि त्यानंतर काकांना साडूंचा फोन फक्त वाजताना ऐकू आला. भाचेजावयांचं नुकतंच गृहकर्ज झालं होतं. थोरल्या मेहुण्यांनी तेवढी मोकळी ऑफर दिली : "पोरीच्या लग्नाला काढा कर्ज. पहिली सही माझी!"

या खटाटोपात काका विद्वान झाले. वारकऱ्याला हरिपाठ असतो तशी त्यांना परिपत्रकं पाठ आहेत. २०१०पासून चार लाखांपर्यंत तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. २०१५चं विद्यालक्ष्मी पोर्टल, एका अर्जात तीन बँका. २०२४ची पीएम विद्यालक्ष्मी, सुरुवातीला ८६० संस्था, ना तारण ना जामीन. पण संस्था सगळ्या भारतातल्या. परदेशी शिक्षणाला पंधरा टक्के पदरचे घालायचे. प्राप्तिकराचं कलम ८०-ई, व्याजावर आठ वर्षं वजावट. कर्जाचा पत्ता नाही, पण वजावटीचा हिशेब काकांनी आठही वर्षांचा मांडून ठेवलाय.

त्यांचा हट्ट आता एकच उरला होता : नाही म्हणा, पण लेखी म्हणा. त्यासाठी त्यांनी बँकेकडे रीतसर तक्रार केली, तीस दिवस मोजले आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायची तयारी ठेवली. अखेर पत्र आलं. 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही.' काकांनी ते उभ्यानं वाचलं, मग चष्मा पुसून बसून वाचलं. पत्रावर जावक क्रमांक नव्हता. काकांनी लाल शाईचं पेन काढलं आणि पत्र त्रुटी पूर्ततेसाठी बँकेला परत पाठवलं.

मुलीनं दरम्यान विद्यापीठाकडून प्रवेश वर्षभर पुढे ढकलून घेतला आणि पुण्यात नोकरी धरली. "पुढच्या वर्षी माझ्या पगारावर मीच अर्ज करते, बाबा," म्हणाली. काकांनी तिला फाईल देऊ केली. तिनं सगळं फोनमध्ये आहे असं सांगितलं. काकांना ते लागलं.

फाईल मात्र रिकामी बसलेली नाही. गावातला जो बाप मुलाच्या कर्जासाठी निघतो तो आधी काकांकडे येतो. काका त्याला चहा देतात, कोणत्या कागदाच्या किती प्रती काढायच्या ते सांगतात, पेढे नेऊ नका म्हणून बजावतात आणि साहेबांनी अभिनंदन केलं तर सावध व्हायला सांगतात. एक पैसा घेत नाहीत. परवा शेजारचा बाप आला. त्याच्या मुलालाही परदेशात प्रवेश मिळालाय. सगळं ऐकून घेतल्यावर तो हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं? तुम्हीच राहा ना जामीन."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्याची फाईल पुढे ओढली, शेवटच्या कागदापर्यंत चाळली आणि मिटून त्याच्या हातात दिली.

"अभिनंदन," काका म्हणाले. "शिक्षणाला अडचण येता कामा नये. एवढी कागदपत्रं पूर्ण करून आणा, मग बघू."