बक्कय जागा शे!

नंदुरबारच्या बाजारात कुणाच्याही मोटारीचा मागचा पांढरा दिवा लागला, की आप्पा चहा अर्धा टाकून उठतात. गाडी कुणाची, हे नंतर. डाव्या हातात पिशवी, उजवा हवेत आणि आरोळी, "येऊ द्या भो, येऊ द्या… बक्कय जागा शे!" आप्पांचा जन्म अडतीवर मुनीमकी करण्यात गेला. स्वतः सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही.

१ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. बरोबर एकवीस वर्षांनी, १ जुलै २०१९पासून, नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा झाला. पहिल्या तारखेनं जिल्ह्याला कलेक्टर दिला, दुसरीनं आप्पांना प्रतिस्पर्धी.

डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून भारी गाडी घेऊन आला. हिच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार. "मागून आडवं कोण येतंय, ते ही सांगते," भाचा म्हणाला. आप्पा नुसते हसले. आमच्या बाजारात आडवं कोण येत नाही?

गाडी मिरचीच्या दोन ट्रकांच्या सांदीत. रडारला ट्रकाच्या पोटातून पलीकडचं दिसत नाही. शेपूट बाहेर निघेपर्यंत ते आंधळंच. निघालं तसं किंचाळलं. मागं चिटपाखरू नव्हतं, गोदामाच्या पत्र्यावरून त्याच्याच लहरी परत आल्या होत्या. मग लांबूनच वळून गेलेल्या रिक्षासाठी किंचाळलं. शेळी मात्र अगदी बंपरला घासून गेली, तेव्हा चकार शब्द नाही. शेळी वाहनांत मोडत नसावी.

आप्पांचंही काही वेगळं नाही म्हणा. ओळखीचं माणूस दिसलं की त्यांचं रडार तिकडं फिरतं. मोकळ्या रस्त्यावर उगीच "थांबा, थांबा!" करतात, कारण बराच वेळ कुणाला थांबवलेलं नसतं. डिकीवर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या, तीन म्हणजे लागलीच.

भाच्यानं वैतागून यंत्राचा आवाज बंद केला, काच खाली घेतली. "आप्पा, तुम्हीच सांगा."

आप्पा फुलले. "येऊ द्या… येऊ द्या… पुण्यात कुठं राहता? आमची धाकटी कोथरूडला दिलीय. जावई—"

मागं कुणीतरी ताडपत्रीवर मिरची वाळत घातली होती. बंपरच्या खाली, म्हणजे यंत्राच्या हिशेबी नव्हतीच. चाकाखाली कुरकुर वाजलं, धूळ उडाली आणि सगळी गल्ली शिंकू लागली.

त्या शिंकांमधून डिकीवर थापा ऐकू आल्या. मी मोजल्या. तीन.