काकू, बायकोच्या खुनाला काय म्हणतात?

सकाळी साडेसहाला, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत, बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “बायकोचा खून?” दुसरा आवाज अगदी थंडपणे म्हणाला, “अक्सॉरिसाइड.” “भावाचा?” “फ्रॅट्रिसाइड.” “राजाचा?” “रेजिसाइड.” सदाशिव पेठेत उभा जन्म गेला माझा. नळावरची भांडणं ऐकली, भाडेकरूंचे दावे ऐकले, पण आंघोळीच्या आधी इतके मुडदे एका दमात पडलेले ऐकले नव्हते.

मी कॉट बेसिसवर तीन मुली ठेवते. एक लातूरची, एक जालन्याची, एक चंदगडची. तिघी एमपीएससी करतात, शिवाय हाताशी असावी म्हणून केंद्राच्या नोकऱ्यांची एसएससीही भरतात. गुणी मुली हो. उशिरा येत नाहीत, कुणाचे फोन नाहीत, देवाला हात जोडतात. असं मी सगळ्यांना सांगत होते. मग त्यांची ती यादी माझ्या हाती लागली. ‘वन वर्ड सब्स्टिट्यूशन’ म्हणे. अनेक शब्दांना एकच शब्द. आणि शब्द तरी कसले? एक बायको असताना दुसरी करणं, बिगॅमी. एका बाईला अनेक नवरे, पॉलिअँड्री. लग्न या गोष्टीचाच तिटकारा असणारा, मिसॉगमिस्ट. काडीमोडानंतर बायकोला द्यायचे पैसे, ॲलिमनी. जालन्याच्या आईने परवाच मला फोनवर विचारलं, एखादं चांगलं स्थळ असलं तर सांगा. आता त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगू, की तुमची लेक पोटगीपर्यंत पोचली आहे?

मराठीच्या पेपरालाही असते ना अशी यादी. ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’. तिथे देवापुढे अखंड तेवणारा तो नंदादीप, पंधरा दिवसांनी निघणारं ते पाक्षिक, अंग राखून काम करणारा तो अंगचोर. फार तर अंगचोरापर्यंत मजल. खूनखराबा नाही, दुसरं लग्न नाही. मराठीच्या वहीशेजारी ती इंग्रजी वही ठेवायचीसुद्धा मला भीती वाटते.

बरं, याला फूस लावणारा कोण? तर नॉर्मन लुईस नावाचा एक अमेरिकन गृहस्थ. त्याचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक १९४९ साली आलं, आणि अजून पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत एक तरी प्रत उशाला असते. त्यात एक अख्खा धडा खोटारड्यांवर आहे. खोटं बोलणाऱ्यांचे मोजून १० प्रकार! कसलेला तो ‘कन्समेट’, जन्मजात तो ‘कंजेनिटल’, गोड बोलून गळ्यात मारणारा तो ‘ग्लिब’, सगळ्यांवर कडी करणारा तो ‘इग्रीजिअस’. आपल्याकडे काय कमी होते? लबाड, थापाड्या, बाताड्या, बेरकी. पण त्यांना कुणी गुण देत नाही.

आणि व्याकरण म्हणजे तर निव्वळ सोयरिकी. ‘नो सूनर’चं लग्न ‘दॅन’शीच लागलं पाहिजे. ‘हार्डली’ दिली ‘व्हेन’च्या घरी. अदलाबदल झाली की संपलं. ‘सीनियर’ला ‘दॅन’ खपत नाही, तिथे ‘टू’च लागतो. ‘लेस्ट’ आली की मागून ‘शुड’ येणार, पण ‘नॉट’ला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, कारण नकार तिच्या पोटातच असतो. चंदगडची मला हे इतक्या ठसक्यात सांगत होती, की आमच्या घराण्यात सोवळंओवळं पाळणाऱ्या आत्याबाई आठवल्या. एसएससीच्या पदवीधरांच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला ६० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले २५ इंग्रजीचे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. बरोबर आला तर २ गुण, चुकला तर अर्धा कापणार. ३६ सेकंदांत सोयरीक जुळवायची! आमच्यात नुसती पत्रिका बघायला आठवडा जायचा.

घराची काय दशा झाली विचारू नका. आरशावर चिठ्ठ्या, फ्रिजवर चिठ्ठ्या. न्हाणीघरात, बादलीच्या बरोबर वर, एक पिवळी चिठ्ठी, ‘किक द बकेट’. मला वाटलं, लाथ मारून बादली सरकवा अशी सूचना असेल. अर्थ विचारला तर म्हणाली, “मरणे.” न्हाणीघरात! काढायला लावली. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी देवघराशेजारच्या कपाटावर.

‘द हिंदू’ येतो घरात. अग्रलेख पेन्सिलने इतका काळा करतात, की रद्दीवाला तो अंक निरखून बघतो. सरकार पडू दे, पूर येऊ दे, लातूरच्या हाती त्यातून एकच गोष्ट लागते. “काकू, आज ‘डेल्यूज’ मिळाला.” बुडालेल्या गावाचं नाव तिला सांगता आलं नाही. हे वेड नवं आहे असंही नाही. शशी थरूर यांनी मे २०१७ मध्ये ट्विटरवर ‘फॅरागो’ हा शब्द सोडला, तेव्हा सगळा देश शब्दकोश उघडून बसला होता. पुढच्या वर्षी त्यांनी २९ अक्षरांचा एक शब्द काढला. तो उच्चारायला आमच्या चंदगडला दोन श्वास लागतात.

पण खरी गंमत पुढेच. मध्यंतरी माझ्या नावाने एक इंग्रजी फोन आला, कसल्याशा कार्डाचा. मी तो लातूरच्या हातात दिला. म्हटलं, खोटारड्याचे १० प्रकार पाठ आहेत, यातला कुठला ते बघ. पोरगी लाल झाली. “यस… यस सर… नो,” आणि फोन परत माझ्या हातात. मग म्हणाली, “काकू, बोलायला मार्क नसतात.” हे ऐकून मात्र माझं चेष्टा करायचं अवसान गळालं. शाळेपासून त्या मुलींशी कुणी इंग्रजीत चार वाक्यं बोललं नाही, आणि त्यांना ‘अक्सॉरिसाइड’ यायला हवा. चार पर्यायांतला एक गोल काळा करण्यापुरता. हा खरा चावटपणा, आणि तो मुलींचा नाही.

जालन्याची लागली मागच्या महिन्यात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, मुंबईला. पेढे घेऊन आली होती. मी विचारलं, “काय गं, तिकडे रोज किती खून पडतात?” ती हसली. म्हणाली, “काकू, फाइलवर दोनच गोष्टी लिहिलेल्या येतात. ‘प्लीज डिस्कस’ आणि ‘पुट अप’.”

तर तिची कॉट रिकामी आहे. खिडकीजवळची, दुपारी ऊन येत नाही. कुणाची लेक, भाची येणार असेल तर कळवा. भाडं बोलून ठरवू, चिठ्ठ्या लावल्या तरी चालतील. फक्त न्हाणीघर सोडून.