घरच्यांच्या नकळत खरेदी: इयत्ता आठवी ते बारावीसाठी सुधारित मार्गदर्शक

हे मार्गदर्शक इयत्ता आठवी ते बारावीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी आहे. पालकांनी ते वाचू नये. वाचलंच तर वाचल्याचं मुलांना कळू देऊ नये. विषय वरवर सोपा दिसतो. वस्तू आवडली, पैसे जमवले, वस्तू घरी आली, संपलं. पण मुलं गळतात ती पहिल्या दोन पायऱ्यांवर नाही. नवे बूट घेणारे गल्लोगल्ली सापडतील; ते चपलांच्या स्टँडवर उघड ठेवून 'हे कधी घेतले?' या प्रश्नाला न अडखळता उत्तर देणारा विद्यार्थी शाळेत एखादाच निघतो.

अभ्यासक्रमाची मर्यादाही सांगून ठेवतो. बूट, हेडफोन, टी-शर्ट, लिपस्टिक, फोनची कव्हरं आणि कोरियन गायकांचे फोटो असलेली ती छोटी कार्डं, एवढ्याच मालाचा इथे विचार केला आहे. ज्यांच्या यादीत याहून दांडगं काही असेल त्यांनी पान मिटावं आणि घरी स्वतःहून बोलावं. तो विषय आमच्याकडे शिकवला जात नाही.

पात्रता

कायद्याच्या लेखी तुम्ही गिऱ्हाईकच नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं अकरावं कलम सांगतं, की करार करायचा तर माणूस वयात आलेला हवा; ते वय आज अठरा. त्याच कायद्यात पुढे ६८ व्या कलमात थोडी सवलत आहे: गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्याला त्याचे पैसे मुलाच्या मालमत्तेतून वसूल करता येतात. हेडफोन ही गरजेची वस्तू आहे का, यावर घरोघरी रोज सुनावणी होते. निकाल त्याच दिवशी लागतो आणि अपील चालत नाही.

या क्षेत्रातले आद्यपुरुष कलकत्त्याचे धर्मोदास घोष. वकिलीच्या पहिल्या वर्षाला त्यांचा खटला सगळ्यांना असतो. धर्मोदास यांनी वय पुरं नसताना सज्ञान असल्याचं लिहून दिलं, ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे आपली घरं गहाण टाकली आणि १२ टक्के व्याजाने वीस हजारांचं कर्ज काढलं. गहाणखत झालं २० जुलै १८९५ ला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९०३ मध्ये निकाल लागला, की वयात न आलेल्याचा करार मुळातूनच रद्द, आणि सावकाराच्या बाजूला गहाणही गेलं आणि पैसेही. वकील मंडळी यातून करारशास्त्र शिकतात. आपल्या विद्यार्थ्यांनी एकाच तारखेखाली रेघ मारावी: १५ जुलै १८९५. त्या दिवशी, म्हणजे गहाणखताच्या पाच दिवस आधी, धर्मोदासच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या माणसाला पत्र धाडलं होतं, की मुलगा अजून लहान आहे, जपून व्यवहार करा. व्हॉट्सअ‍ॅप नसताना, फोन नसताना, आईला पाच दिवस आधी कळलं होतं. तुमची आई याच परंपरेतली आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

भांडवल

पूर्वीच्या पिढीचा सगळा धंदा सुट्या पैशांवर उभा होता. वाण्याकडून साखर-रवा आणायला शंभराची नोट मिळायची, परत येताना खिशात सात रुपये कमी असायचे आणि हिशेबात 'भाव वाढलाय' एवढं एक वाक्य वाढायचं. रद्दी घालायला गेलं की किलोमागे आपला हिस्सा ठरलेला. क्लासला रिक्षाने जायचे पैसे घ्यायचे आणि चालत जायचं. घामाचा पैसा म्हणतात तो हा.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हा गृहोद्योग बसला. आता आई वाण्याला फोनवर यादी सांगते, वाणी क्यूआर पाठवतो, आई स्वयंपाकघरातून पैसे धाडते आणि मुलाच्या वाट्याला फक्त पिशवी उचलणं येतं. अर्थशास्त्रज्ञ रोकडरहित व्यवहारांचे फायदे मोजतात तेव्हा या विस्थापितांचा उल्लेख कुणी करत नाही.

उरलं काय, तर सणवार. भाऊबीज, वाढदिवस, दहावीच्या निकालानंतरची पाकिटं. त्यातही पाकीट हातात पडल्यापासून 'दे माझ्याकडे, हरवशील' हे ऐकू येईपर्यंत फार थोडा वेळ मिळतो. त्या वेळात पाकीट उघडावं, वरची नोट काढावी आणि चिकटवलेलं रुपयाचं नाणं मात्र तसंच ठेवावं. रिकाम्या पाकिटाचा संशय येतो. हलक्या पाकिटाचा दोष देणाऱ्या काकांकडे जातो. काका चिक्कू आहेत हे घरात आधीच ठरलेलं असेल तर फारच उत्तम.

बँक खात्याच्या मोहात पडू नये. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच मुभा दिली. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा, हे एकदा पासबुकाच्या पहिल्या पानावर बघून या. २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय निघाली. तीत वडील आपल्या खात्यातून मुलाला खर्च करू देतात, महिन्याला पंधरा हजारांपर्यंत. ऐकायला स्वर्ग. फक्त वडापाव घेतल्याचंही वडिलांना दिसतं, आणि कुठला घेतला त्या गाडीचं नावही.

मोबाइलवरच्या खेळांसाठी दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची सोय लावून ठेवणाऱ्यांना आम्ही या अभ्यासक्रमातून आधीच वगळलं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्यापूर्वी चोवीस तास आधी खातेदाराला कळवावं लागतं. गुन्ह्याच्या आदल्या दिवशी वडिलांना रीतसर नोटीस मिळते. असा गुन्हा कुणी करतं का?

आवक

कमी धोक्याचा मार्ग म्हणजे रोखीने आणि स्वतः जाऊन. पुण्यात तुळशीबागेत घेतलेल्या कानातल्यांना ओटीपी लागत नाही. एफसी रोडवरच्या टी-शर्टचं पार्सल होत नाही, तो सरळ दप्तरात जातो. तुळशीबागेचा दोष एकच: तिथे मावशी भेटते. कुठलीही मावशी, कुठल्याही वारी. 'अगं, तू इथे? आई कुठाय?' या प्रश्नाला 'पुढे आहे, साड्यांच्या दुकानात' असं उत्तर देऊ नये, कारण मावशी पुढे जाऊन बघते. 'मैत्रिणीला घ्यायचंय' हे उत्तर द्यावं आणि एक मैत्रीण सोबत ठेवावी. एरवी निरुपयोगी असली तरी चालेल.

घरपोच मागवायचं ठरलं, तर पैसे वस्तू आल्यावर रोख द्यायचे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही सोय आणली ती लोकांकडे कार्डं नव्हती आणि विश्वास त्याहून नव्हता म्हणून. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिचं महत्त्व वेगळं: बँकेचा मेसेज येत नाही. बाकी सगळं येतं. 'तुमची ऑर्डर निघाली', 'तुमची ऑर्डर आज पोचेल', 'आमचा प्रतिनिधी दहा मिनिटांत', हे सगळं ज्या नंबरवर येतं तो बाबांचा असतो. बाबा मीटिंगमध्ये असतात, पण 'आज पोचेल' हे शब्द दिसले की मीटिंग सोडून घरी फोन करतात: 'कुणी काय मागवलंय?' या प्रश्नानंतर घरात जी शांतता पसरते तिचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत जातो.

मग सोसायटीचं फाटक. पूर्वी वॉचमन काका म्हणजे आपलाच माणूस. दिवाळीला चिवड्याची पुडी दिली की वर्षभर पार्सल त्यांच्या खुर्चीखाली सुरक्षित. आता फाटकावर अ‍ॅप आहे. पार्सलवाला नाव सांगतो आणि एकाच क्षणी आईच्या, बाबांच्या, तुमच्या आणि जर्मनीत एमएस करणाऱ्या दादाच्या फोनवर घंटी वाजते. त्यात 'आत सोडा' हे बटण सगळ्यात आधी दाबतो तो दादा. त्याला तिथे दुसरा उद्योग नसतो.

पत्ता मित्राचा द्यावा, असं जुन्या पुस्तकांत म्हटलं आहे. आम्ही सहमत नाही. मित्राच्या आईला वाटतं की पार्सल मित्राचंच आहे. ती त्याला झापते. तो तुमचं नाव सांगतो. ती तुमच्या आईला फोन करते, तोही तक्रारीच्या सुरात नाही. 'अहो, तुमच्या हेमंतचं पार्सल आमच्याकडे राहिलंय हो, घेऊन जायला सांगा त्याला,' इतकंच. सभ्यपणाने झालेला घात हा असा.

खोक्याची विल्हेवाट

वस्तू लपते, खोकं लपत नाही. त्यावर नाव, पत्ता आणि नंबर छापलेला असतो, बहुतेक वेळा आत काय आहे तेही. ओल्या-सुक्या कचऱ्याची विभागणी ज्या घरात नेमाने होते तिथे सुक्याच्या बादलीचा रोज पंचनामा होतो. खोकं सपाट करून जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मध्ये सरकवावं. लेबल फाडावं, भिजवावं, बेसिनमध्ये नाही. आणि आतल्या हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक फोडू नये. हे सांगणं सोपं, करणं कठीण. आम्ही पाहिलेल्या प्रकरणांत वस्तू, पैसे, पत्ता सगळं जमवून आणलेली मुलं रात्री साडेअकराला एका फुग्याच्या आवाजाने सापडली.

प्रकटीकरण

आता खरा अवघड भाग. घेतलेली वस्तू कधीतरी वापरायची असते. कपाटात पडून राहिलेल्या बुटांना बूट म्हणत नाहीत.

नवशिके इथे 'मित्राने दोन दिवस घालायला दिलेत' म्हणतात. दोन दिवस संपतात. 'शाळेत बक्षीस मिळालं' म्हणणारे त्याहून मूर्ख. त्यांची आई अभिनंदनाचा मेसेज वर्गशिक्षिकेला पाठवते.

या प्रकरणासाठी बाहेर क्लास लावण्याची गरज नाही. घरातच अनुभवी शिक्षक आहेत, त्यांचं निरीक्षण करा. आई नवी साडी नेसून येते. बाबा विचारतात, 'नवी?' आई म्हणते, 'ही? कधीची आहे. लक्ष कुठे असतं तुमचं!' पाहा: एका वाक्यात नकार, जुनी तारीख आणि उलट आरोप. वापरण्याआधी साडी तीन महिने कपाटात मुरवलेली असते, म्हणजे 'कधीची' हेही तांत्रिकदृष्ट्या खरं असतं. बाबांची पद्धत वेगळी. ते वस्तू लपवत नाहीत, किंमत लपवतात. चौदा हजारांचा स्पीकर घरात 'एक्स्चेंजमध्ये जवळजवळ फुकट' येतो. काय देऊन एक्स्चेंज केलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

या घरगुती अर्थव्यवस्थेचं एकदाच सरकारी ऑडिट झालं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्याच्या खणातून नोटा बाहेर पडल्या. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर चौकशी होणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. सरकारने विचारलं नाही. बाबांनी विचारलं. त्या आठवड्यात बँकेच्या रांगेत अनेक जोडपी एकमेकांशी न बोलता उभी होती.

म्हणून विद्यार्थ्यांनी किंमत सांगताना न्यूनगंड बाळगू नये. कुटुंबात रूढ असलेलं सूत्रच वापरावं. खऱ्या किमतीच्या निम्मी सांगावी, ती गोल आकड्यात नसावी, आणि शेवटी 'सेलमध्ये' जोडावं. चोवीसशेचे बूट 'अकराशे ऐंशी, सेलमध्ये'. यापेक्षा खाली उतरू नये, नाहीतर आई म्हणेल, 'इतके स्वस्त? मग बाबांनाही आण एक जोड.' तसं झालं तर उरलेले बाराशेवीस तुमच्या खिशातून.

परतावा

बुटांचा नंबर सातऐवजी आठ आला तर काय करावं, हा या परीक्षेतला सक्तीचा प्रश्न. परत न्यायला माणूस येतो दुपारी एक ते चार, म्हणजे तुम्ही शाळेत नाहीतर कॉलेजात, आई-बाबा ऑफिसात. घरी फक्त आजी. तेव्हा आजीला विश्वासात घेण्यावाचून मार्ग नाही. घाबरू नका, तिला आधीपासून माहीत आहे. बूट तिच्याच खाटेखाली होते. खोकं तिच्या हाती द्यावं, ओटीपी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावा आणि फोनवर कुणालाही सांगू नये असं बजावावं. आजी हे काम चोख करते. फक्त ती फुकट करत नाही.

तिची फी म्हणजे तिच्यासाठी गुपचूप साताऱ्याचे कंदी पेढे मागवणं, अर्धा किलो. साखरेमुळे घरात तिच्या पेढ्यांवर बंदी आहे, तेव्हा ती म्हणते तेवढे मागवू नयेत. पाव किलोच मागवावे आणि ती रोज एकच खाईल असं कबूल करून घ्यावं. ती कबूल करेल. पाळणार नाही, म्हणून डबा स्वतःकडे ठेवावा. पैसे ती कमरेच्या पिशवीतून मोजून देते, सुटे, जे आता दुसऱ्या कुणाकडेच राहिलेले नाहीत. पेढ्यांचं पार्सल तळमजल्यावरच्या जोशी काकूंच्या नावाने मागवावं, रोखीने, दुपारी एक ते चारमध्ये. काकूंशी तिचं बोलणं झालेलं आहे.