अजून एक हात

कर्जतच्या दहिवलीत नानांकडे चहाला बसलात, तर कप टीपॉयवर जरा जपून ठेवा. टीपॉय अस्सल सागवानी आहे, पण वरची फळी नानांनी इतक्या वेळा रंधून काढलीय की आता तिला सागाची आठवण म्हणणंच बरं. कारण विचारलं तर म्हणतात, "वाजत नव्हती." काकूंचा पोळपाटही याच गुन्ह्यासाठी सोलला गेला. तो आता असा वाजतो की आज किती पोळ्या झाल्या हे शेजारणीला भिंतीपलीकडून कळतं.

नाना कुणाचं दार ठोठावतात ते उघडावं म्हणून नव्हे. आधी वरच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक, मग मध्ये, मग कडीपाशी. आतल्या माणसाने दार उघडलंच तर म्हणतात, "लावा, लावा. बिजागरीकडचं राहिलंय." मग "प्लायवूड आहे हो तुमचं" असा निकाल देऊन पायरी चढतात. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींसमोरही त्यांनी हे केलंय. लग्न झालं, पण त्या घराने दार मात्र बदललं.

हा माणूस अर्धं आयुष्य दीड इंची दारं करत होता. कर्जतपासून चौक, खालापूरपर्यंत मुंबईकरांची फार्महाऊसं उठली, आणि प्रत्येकाला वाड्याचा दरवाजा हवा होता. मागे वाडा नसला तरी चालेल. नाना लाकूड जितकं जाड लावतील तितका मालक खूश. अशाच एका बंगल्यात कुणाचा तरी पाहुणा 31 डिसेंबरच्या रात्री गिटारीवर बसला. वाजवायला नव्हे, नुसताच. "लाकडाचीच आहे ना?" म्हणून ती नानांकडे आली. नानांनी आत आरसा घातला, बॅटरी मारली आणि उकिडवे बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पुढची फळी अडीच-पावणेतीन मिलिमीटर. सूतभरसुद्धा नाही! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नानांच्या दारांमध्ये एवढं तर कुणी मोजतच नाही, रंध्याखाली सहज उडून जातं. आणि त्या फळीवर स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोच्या वर ओढ देतात. नाना म्हणाले, "म्हणजे आमच्या जावयाला रात्रंदिवस टांगून ठेवल्यासारखंच झालं." जावई समोरच होते.

तेव्हापासून नाना दारं करत नाहीत, गिटारी करतात. खरं सांगायचं तर गिटारीच्या फळ्या पातळ करतात. ते काम कुठे थांबवायचं, यातच सगळी मेख आहे. फळी जाड राहिली तर तार नुसती थरथरते आणि आवाज लाकडातच मुरतो. फार पातळ झाली तर चार महिन्यांत घोडीच्या मागे पोट सुटतं. गणित असं दुष्ट, की जाडी दहावा हिस्सा कमी केली तर ताठपणा चौथ्या हिश्शाहून जास्त जातो. म्हणजे पहिले शंभर हात बिनधास्त मारावेत आणि शेवटच्या दोन हातांना घाम फुटावा. शिवाय एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात, त्यामुळे पुस्तकातला आकडा घेऊन बसण्यात अर्थ नाही. नानांकडे डिजिटल कॅलिपर आहे. त्याचा उपयोग पंचनाम्यापुरता.

त्यांचं काम बघायला मात्र बसावं. परदेशी स्प्रूसच्या दोन पातळ फळ्या, उघडलेल्या वहीच्या पानांसारख्या जोडलेल्या. रंध्याचं पातं असं लावलेलं की मनगटावरचे केस उतरावेत, कारण उलट्या रेघेला बोथट पातं गेलं की लाकूड तासलं जात नाही, उपटलं जातं. रंधा झाला की जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन खरवडणं. मग मागून बॅटरी धरायची. जिथे उजेड जास्त दिसतो तिथे फळी पातळ. मग दोन्ही हातांनी किंचित वाकवायची, आणि शेवटी दोन बोटांत कोपरा धरून कानाशी नेऊन पेराने टक्.

आणि नेमकी तेव्हाच शिट्टी होते. कर्जत स्टेशनात पुण्याकडच्या बहुतेक गाड्यांना घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, आणि इंजिनवाल्यांना नानांच्या फळीचं काय? नाना फळी कानाशी धरून, डोळे मिटून, गाडी पळसदरीच्या पलीकडे जायची वाट बघतात. गाडी जाते. पुन्हा टक्. मग डोळे उघडतात आणि ते शब्द येतात: "अजून एक हात."

एकदा कोयना एक्सप्रेस पकडून मिरजेला जाऊन आले. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारी गेल्या आणि हात तंबोऱ्या-सतारींकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पात्यापासून तबलीपर्यंतचा, म्हणजे सतारीच्या पुढच्या फळीपर्यंतचा, हा प्रवास नानांना घरचा वाटला. त्यांनी एका वृद्ध कारागिराला विचारलं, "तबली किती पातळ करता?" तो म्हणाला, "पुरे वाटेपर्यंत." नाना खट्टू होऊन परतले. त्यांना कधी पुरे वाटतच नाही, आणि त्यावर मिरजेतही औषध नव्हतं.

गिऱ्हाइकं शिसवीची चौकशी करतात. आपली शिसवी जगभरच्या गिटारींच्या पाठीला आणि बाजूंना लागते, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. नाना लगेच स्पेनच्या तोरेस या गिटार-कारागिराची गोष्ट काढतात. 1862 साली त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या आणि फळी तेवढी लाकडाची ठेवली. आवाज फळीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. तोरेस दाखवून मोकळा झाला, नाना त्यात अडकले. सगळं फळीतच असेल तर ती अर्धवट कशी सोडायची?

एक हात जास्त बसला की स्टीलच्या तारांची फळी नायलॉनच्या तारांसाठी राखून ठेवली जाते. आणखी एक बसला की तिची युकुलेली ठरते. त्यापुढे गेली की काकू तिच्यावर सांडगे वाळत घालतात. काकूंकडे अशा फळ्या बऱ्याच आहेत. सांडगे चांगले होतात, यात वाद नाही.

पावसाळा मात्र नानांना खरोखरच आडवा येतो, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. कर्जतच्या जुलैमध्ये लाकूड हवेतलं पाणी पिऊन रुंदीला फुगतं. अशा फुगलेल्या फळीला आतल्या पट्ट्या चिकटवल्या, तर हिवाळ्यात ती आक्रसते आणि मधोमध तडकते. म्हणून जूनमध्ये काम बंद, ते दिवाळीला उघडतं. तोवर फळ्या कपाटात बल्ब लावून ठेवलेल्या. आता कपाटात त्या नुसत्या पडून राहतात असं समजू नका. नाना रात्री उठून एखादीला टक् करून येतात, आणि करवतीचा तुकडा उशाशीच असतो.

परवा खालापूरहून फोन आला. मुलाने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी गिटार सांगितली होती. मुलगा आता नोकरीला लागलाय. नाना अतिशय उत्साहाने म्हणाले, "फळी तयारच आहे हो, फक्त हा पावसाळा उतरू द्या."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "कुठल्या सालचा, तेही सांगून ठेवा."