वारा, भूकंप आणि बाकीची मंडळी

आयएस १८९३ या मानकाने भूकंपासाठी भारांच्या १३ जोड्या दिल्या तेव्हा इमारत साधी होती. तिला वाऱ्याच्या १२ जोडा, मग ५ टक्के आकस्मिक उत्केंद्रता दोन्ही दिशांना, अधिक-उणे करून लावा. ईटॅब्स सॉफ्टवेअरमधली यादी लग्नाच्या आमंत्रणांसारखी फुगते. कुणाला गाळायचं, हा प्रश्न मानपानाचा होतो. मग मागच्या प्रोजेक्टची फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करायची आणि ‘कॉम्बो ३७ नवा फायनल’ मध्ये काय आहे हे विचारायचं नाही.

वारा आणि भूकंप एकाच वेळी येणार नाहीत, असं धरायला मानकाची मुभा आहे. तरी एखादा उत्साही दोघांना एकाच ओळीत बसवतो आणि वर ‘सेफ साइडला’ म्हणतो. स्टीलचं बिल दुसऱ्याचं असल्यावर सुरक्षितता स्वस्तच.

याच सेफ माणसाच्या यादीतून आधी उडते ती ०.९ डेड लोड अधिक-उणे १.५ भूकंप ही जोडी. ‘वजन कमी कशाला धरायचं?’ इमारतीला उलटू न देणारं तिचं स्वतःचं वजनही मानक पूर्ण भरवशाचं मानत नाही. साहेबांचा मात्र त्यावर गाढ विश्वास.

राहत्या खोलीला लाइव्ह लोड २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. पुढे गच्चीवर चढणारी जादा टाकी आणि मोबाइल टॉवर यांना लोड केस नसते. त्यांना सोसायटीचा ठराव असतो, तोही भाडं सुरू झाल्यावर.