आमच्या सर्व्हरला कुलूप लावून गेलेल्यास

माननीय पूर्वसुरी,

स. न. वि. वि.

नोकरी सोडताना हँडओव्हरच्या कागदावर आपण एक ओळ लिहिलीत : 'बाहेरच्या लोकांची खाती आर-बॅशमध्ये, सुरक्षित.' त्या शेवटच्या शब्दाच्या भरवशावर मी दोन वर्षं निवांत झोपले. त्याबद्दल आधी आभार.

परवा एका नव्या ट्रेनीला लॉग बघायला त्यांतलं एक खातं दिलं. जेवणाच्या सुट्टीआधीच पोरगा टेबलाशी हजर. "मॅडम, यात सीडी चालत नाही, म्हणून मी फाइंडमधून बॅश उघडलं. चालेल ना?" साहेब, आपण कुलूप लावलंय हे त्या बिचाऱ्याला कळलंसुद्धा नव्हतं.

आर-बॅश म्हणजे बॅशच. या नावाने हाक मारली की तो सोवळ्यात वागतो, इतकंच. सीडी करत नाही, पाथला हात लावू देत नाही, कमांडच्या नावात स्लॅश दिसला की विटाळ मानतो. पण हे सोवळं त्याचं स्वतःचं. त्याने ज्यांना बोलावलं, त्या प्रोग्रॅमांना ते बांधील नाही. म्हणजे पाथमधल्या त्या एका फोल्डरात कोणाला बसवायचं, एवढंच काय ते डोकं चालवायचं होतं. आपण बसवलंत एलएस, कॅट आणि (सोयीसाठी असणार) फाइंड व व्हीआय. फाइंडच्या एक्झेकपुढे बॅशचा पूर्ण पत्ता लिहिला की तो मुकाट्याने दार उघडतो. स्लॅश फाइंडच्या पदरात असतो, कमांडच्या नावात नाही, त्यामुळे आर-बॅशचं सोवळं शाबूत. व्हीआयला किंचित जास्त कष्ट आहेत. आधी सेट शेल, मग कोलन देऊन शेल. दोन ओळी.

शिवाय ही बंधनं लागू होतात ती सुरुवातीच्या फायली वाचून झाल्यावर. पाथ ठरवणारी प्रोफाइलची फाइल आपण कोणाच्या मालकीची ठेवलीत? त्याच खातेदाराच्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणारे पाहिले होते. आपण त्याला कुलूपही स्वतःच घडवायला सांगितलंत.

बॅकअपच्या खात्याला मात्र आपण खास पॅकेज बसवलंत, आरएसएसएच. फक्त फायलींची ने-आण करू द्यायची, एवढंच त्याचं काम. 2019 मध्ये त्यात अशी भोकं सापडली की एससीपीपुरती परवानगी असलेला माणूसही हवी ती कमांड चालवू शकत होता. कुंपणच शेत खात होतं. डेबियनने सुरक्षासूचना काढल्या आणि पुढच्या आवृत्तीतून ते वगळलं. पण वगळलेलं पॅकेज आपल्या मशीनवरून आपोआप निघून जात नाही, ते कोणीतरी काढावं लागतं. ते 'कोणीतरी' पूर्वी आपण होतात, नंतर मी होते. इथे मी फार आवाज चढवत नाही.

एसएसएचमधून शेल न मागताच बोगदा काढता येतो आणि आर-बॅशला त्याचा पत्ताही लागत नाही, हे कळल्यावर मला जेवण गेलं नाही.

गंमत अशी की या बाहेरच्या मंडळींना शेल हवाच कशाला होता? एकाला लॉग उतरवून घ्यायचे, दुसऱ्याला फायली टाकायच्या. त्यांचा एक ग्रुप केला, इंटर्नल-एसएफटीपीची सक्ती केली, क्रूट लावलं, फॉरवर्डिंग बंद. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये पाच-सहा ओळी. ओपनएसएसएचमध्ये ही सोय 2008 पासून आहे. क्रूटचं फोल्डर रूटच्याच मालकीचं लागतं, नाहीतर लॉगिनच होत नाही; त्यावर माझा अर्धा तास गेला. आपला तो वाचला म्हणायचा.

कळावे, लोभ असावा,

आपल्या खुर्चीवर बसलेली

ता. क. : सर्व्हरवर आपलं स्वतःचं खातंही अजून चालू सापडलं. ते आर-बॅशमध्ये नव्हतं, सुडोच्या ग्रुपमध्ये होतं. काल संध्याकाळी बंद केलं.