महाकाल प्रायव्हेट लिमिटेड

उज्जैनच्या स्टेशनातून बाहेर पडून महाकालाच्या मंदिराच्या दिशेने चालत निघालं, की वाटेतल्या पाट्या वाचाव्यात. महाकाल लॉज, महाकाल भोजनालय, महाकाल ट्रॅव्हल्स, महाकाल मोबाइल. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधीच माणसाचा जप पुरा होतो. २०२२ च्या ऑक्टोबरात मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ परिसराचं उद्घाटन झालं, गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर पाट्याही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या नावाने एक गंमत केली. झोमॅटोच्या जाहिरातीत हृतिक रोशन म्हणाला, की उज्जैनमध्ये थाळी खावीशी वाटली, तर महाकालमधून मागवली. पुजारी संतापले. महाकालची थाळी काय घरपोच मिळते? कंपनीने खुलासा केला, की आम्ही मंदिराबद्दल बोलत नव्हतो, ‘महाकाल रेस्टॉरंट’बद्दल बोलत होतो. खुलासा खराच होता. तरी जाहिरात मागे घ्यावी लागली, वर माफीही मागावी लागली. पाटीवर नाव हॉटेलचं, कानात मात्र देवाचं. उसन्या नावाचा हा पहिला हप्ता.

हॉटेलवाल्याचं एक वेळ समजू शकतं. त्याला डाळ-बाफले विकायचे असतात, नाव नाही. पण ज्यांचा धंदाच कल्पकतेचा आहे, त्यांचं काय? समजा, उज्जैनच्या फ्रीगंजमधले दोन दोस्त, एक फोटो काढणारा, दुसरा डिझाइन करणारा. दोघांनी मिळून स्टुडिओ काढायचं ठरवलं. गिऱ्हाइकाला ‘काहीतरी हटके’ देण्याची दोघांची प्रतिज्ञा. सीएकडे गेले, यादी पुढे ठेवली: महाकाल क्रिएशन्स, कालिदास स्टुडिओ, विक्रमादित्य फिल्म्स, अवंतिका डिझाइन्स.

“यातलं हटके कोणतं? ही नावं आधीच कुणीतरी घेतलेली आहेत,” सीएकाका म्हणाले.

“काका, पुढे ‘उज्जैन’ लावू की!”

“चालणार नाही.”

“मग शेवटचा ‘स’ काढू.”

“तेही नाही.”

काकांचा नाइलाज आहे. कंपनी स्थापनेच्या नियमांतला आठवा नियम या सगळ्या शकला आधीच ओळखून बसला आहे. एकवचनाचं अनेकवचन केलं, शब्दांची जागा बदलली, मध्ये टिंब टाकलं, मागे डॉट कॉम लावलं, गावाचं नाव चिकटवलं, हिंदीचं इंग्रजी केलं, तरी आधीच्या कंपनीशी साम्य ते साम्यच. अंकशास्त्री पाच हजार घेऊन नावात एक जादा ‘ए’ घालून देतो. नियमाच्या लेखी ती फक्त स्पेलिंगची हातचलाखी असते. शुक्र प्रसन्न होतो, मानेसर होत नाही.

हो, मानेसर. देशभरातल्या कंपन्यांच्या नावांची छाननी हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात होते. अर्जात दोन नावं सुचवायची, हजार रुपये भरायचे, मंजूर झालं तर नाव वीस दिवस राखून ठेवतात. पुढचं दफ्तर ग्वाल्हेरला, कारण मध्य प्रदेशचे कंपनी निबंधक तिथे बसतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनची राजधानी ग्वाल्हेरला हलवली, ती उज्जैनकरांची कागदपत्रं अजून त्याच वाटेने जाताहेत.

मराठी माणसाला अशा वेळी हमखास महाराजांचं नाव सुचतं. तिथे १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आडवा येतो. व्यापारासाठी केंद्राच्या परवानगीशिवाय वापरायची नाहीत अशा नावांच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आहेत, गांधी, नेहरू, इंदिराजी आहेत आणि पंतप्रधानही. ‘नॅशनल’, ‘कमिशन’, ‘बोर्ड’ असे भारदस्त शब्द हवे असतील, तरी आधी सरकारची मंजुरी. नुसतं ‘उज्जैन लिमिटेड’ म्हणावं, तर गावाचं नाव तेवढं घेऊन कंपनी होत नाही.

एवढं करून एखादं नाव मंजूर झालं, की पेढे वाटले जातात. पेढे जरा लवकर झाले. कंपनीचं नाव मिळणं आणि ट्रेडमार्क मिळणं ही दोन वेगळी लग्नं आहेत. ट्रेडमार्कचा अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. मध्य प्रदेश त्याच्याच हद्दीत येतो. छोट्या उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला साडेचार हजार रुपये. छापील मालाचा वर्ग सोळावा, कपड्यांचा पंचविसावा, करमणुकीचा एकेचाळिसावा. टी-शर्टही विकायचे आणि लघुपटही काढायचे, तर पैसे दोनदा मोजा. उलट, तुमच्या कंपनीचं नाव दुसऱ्याच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कसारखं निघालं, तर कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत तो तक्रार करून तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो. तोवर पाटी, बिलबुक, वेबसाइट, सगळं छापून झालेलं असतं.

आणि देवाधर्माचं नाव? एकाला अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हा ट्रेडमार्क हवा होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१५ मध्ये कोर्टाने सांगितलं, की धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाला मालकी सांगता येणार नाही. म्हणजे शेजारच्या गल्लीत दुसरा ‘महाकाल क्रिएशन्स’ उघडला, तर तुम्ही हात चोळत बसायचं. देवाचं नाव फुकट मिळतं हे खरं, पण ते सगळ्यांनाच फुकट मिळतं, ही त्यातली मेख.

आता ‘प्रायव्हेट लिमिटेड’चा सोस. लग्नपत्रिकेवर मुलाच्या नावाखाली ‘डायरेक्टर’ शोभून दिसतं, हे मान्य. पण वर्षाचे हिशेब आणि विवरणपत्र वेळेत भरलं नाही, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये दंड. गिऱ्हाईक असो वा नसो, मीटर चालूच. दोघांची साधी भागीदारी चालेल. फक्त ती नोंदवा. १९३२ च्या कायद्यानुसार न नोंदवलेल्या फर्मला करारातल्या पैशांसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. नवरदेवाच्या बापाने प्री-वेडिंग शूटचे पैसे बुडवले, की हे कलम आठवतं. मित्राकडून लोगो फुकट काढून घेतला असेल, तर त्याचे हक्क लेखी घ्या. कॉपीराइटच्या कायद्याला तोंडी हस्तांतर चालत नाही. आणि भागीदारी मोडली तर नाव कोणाकडे राहणार, हे दोस्ती शाबूत असतानाच लिहून ठेवा. नंतर दोघांनाही फक्त आपलंच आठवतं.

या दोघांनी एकदा उज्जैनच्याच भेरूगढला जाऊन यावं. बाटिकचा कारागीर कापडावर तापलेलं मेण ओढतो, ते थंड झालं की चुरगळतो. मेणाला तडे जातात, त्या तड्यांतून रंग आत शिरतो, आणि कुठल्याही दोन कापडांच्या रेषा सारख्या येत नाहीत. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं, ते असं कमावलेलं नाव. ते साऱ्या कारागिरांचं सामाईक आहे, एकट्या स्टुडिओला ते खिशात घालता येणार नाही. पण कसब अस्सल असेल तर नाव उसनं आणावं लागत नाही, एवढं तरी तिथे दिसेल.

एक सोय मात्र आपल्या बाजूने आहे. कंपनीची पाटी स्थानिक लिपीतही हवी, असं कायदा सांगतो. उज्जैनची लिपी देवनागरी. मराठी माणसाचं तेवढं आयतंच फावलं.

तेव्हा दोस्तहो, कुठल्याही शब्दकोशात नसलेलं, पण आजीला उच्चारता येईल असं एखादं नाव घडवा. कंपनी खात्याच्या आणि ट्रेडमार्कच्या संकेतस्थळांवर ते आधी शोधून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. मुहूर्त मग काढा. उज्जैनमध्ये त्याला तोटा नाही.